हे काय आलंय गालावर?

मराठी माणूस हल्ली दुसऱ्याला पगार विचारताना थोडा बिचकतो, वय विचारायचं झालं तर दहावीचं वर्ष विचारून आडवाटेने जातो. पण समोरच्याच्या चेहऱ्यावर पुटकुळी दिसली की त्याचा सगळा संकोच गळून पडतो. मंगल कार्यालयात, बँकेच्या रांगेत, एसटीत, ओळख असो वा नसो, ‘हे काय आलंय हो गालावर?’ हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं असं मुळीच नाही. उत्तर त्याच्याजवळ तयार असतं. आपल्याकडे कातडीच्या यच्चयावत तक्रारींना कारणं तीन: उष्णता, पित्त आणि नजर. तोंड आलं, रांजणवाडी झाली, गळू आलं, मुरमं उठली की उष्णता. अंगावर गांधी उठल्या की पित्त. या दोन्हींत न बसणारं जे काही उरेल ते नजर.

उपायही ठरलेले. रांजणवाडीला तळहातावर बोट घासून शेक, पित्ताला आमसुलाचं पाणी, टाचेच्या भेगांना बिब्बा, चामखिळीला घोड्याचा केस. शहरात आता घोडा फक्त वरातीत भेटतो. नवरदेव वर बसलेला असताना एखादे काका घोड्याच्या मागच्या बाजूला घोटाळताना दिसले तर ते नाचायला आलेले नाहीत, हे ओळखावं. बिब्ब्याचं तर विचारूच नका. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले, आणि तिघांच्याही चिकात कातडी पोळवणारी द्रव्यं असतात. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचं तेल वापरायचे आणि काहींच्या अंगावर नेमकं त्या खुणेखाली पुरळ उठायचं. तरीही आमच्या मावशीआजी भेगेवर बिब्बा लावतात, तो उततो, टाच सुजते, आणि मग त्या म्हणतात, ‘बघ, उष्णता बाहेर पडतेय.’

अशा या सर्वज्ञ कुटुंबातून माझी भाची बारावीनंतर आयटीआयच्या कॉस्मेटॉलॉजीला गेली. घरातल्या समस्त महिलावर्गाने आपापल्या भुवयांचा पुढच्या वर्षभराचा खर्च मनातल्या मनात वाचवला. पण सुरुवातीला तिच्या हाती आलं ते त्वचेच्या विकारांचं पुस्तक, तेही रंगीत छायाचित्रांसह. एकादशीच्या दिवशी ते जेवणाच्या टेबलावर उघडं राहिलं. पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचं पान होतं. त्या दिवशी साबुदाण्याची खीर कुणीच घेतली नाही.

पुस्तक मात्र मला आवडलं. त्यात रोगांची नावं नंतर येतात, आधी नुसतं बघायला शिकवतात. डोळे मिटून बोट फिरवलं आणि बोटाला काही कळलंच नाही, पण डोळे उघडल्यावर रंग वेगळा दिसला, तर तो मॅक्यूल. वांग त्यातलाच. बोटाला उंचवटा लागला, घट्ट आहे, सेंटिमीटरभराच्या आत आहे, तर पॅप्यूल. त्यात पू दिसला तर पश्च्यूल. स्वच्छ पाणी असेल तर व्हेसिकल, आणि तेच टरारून मोठं झालं की बुला. पित्ताची गांध म्हणजे व्हील. ती अंगावर हवी तिथे उठते, खाज खाज खाजते आणि चोवीस तासांच्या आत मागमूस न ठेवता विरते. म्हणजे आपण दवाखान्यात नंबर लावून आत जाईपर्यंत अंग साफ कोरं, आणि डॉक्टर आपल्याकडे आपण रजेसाठी आलोय की काय अशा नजरेने बघतात.

ही झाली पहिली फळी. दुसऱ्या फळीतली बरीचशी आपलीच करणी: खाजवून आलेले ओरखडे, त्यावरची खपली, खपली काढल्यावरचा डाग, कोरड्या कातडीची भेग, जखमेचा व्रण. आणि व्रणाला कुठे थांबायचं ते कळलं नाही, जखमेची हद्द ओलांडून तो वाढतच गेला, तर केलॉइड. सोसायटीच्या आवारात पार्किंगच्या रेषेपलीकडे सरकत जाणाऱ्या गाडीचं आणि केलॉइडचं तत्त्व एकच.

बघण्याची ही शिस्त लावली लंडनच्या रॉबर्ट विलन नावाच्या डॉक्टरने. 1808 साली त्याचा त्वचाविकारांवरचा ग्रंथ पुस्तकरूपाने आला. त्याच्याआधी व्हिएन्नात योझेफ प्लेंकने 1776 मध्ये त्वचाविकारांचे चौदा वर्ग केले होते, विलनने ते आठांवर आणले आणि सोबत रंगीत चित्रं दिली. रोग कशामुळे होतो ते त्या काळी कुणाला फारसं ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने ठरवलं की दिसतं काय तेवढंच आधी नीट सांगू. आमच्या घरात ही पायरी अजून आलेली नाही. आम्हांला कारण आधीपासून माहीत असतं, त्यामुळे बघायची गरज पडत नाही.

आता गंमत पुढेच आहे. एवढं सगळं बारकाईने बघायला शिकवल्यावर भाचीच्या मॅडमनी वर्गाला नियम घालून दिला: बघायचं सगळं, नाव कशाचंच घ्यायचं नाही. रोगाचं निदान करणं आणि औषध सांगणं हे डॉक्टरचं काम. पार्लरवालीने वेगळं काही दिसलं तर त्या जागी हात लावायचा नाही, वाफ द्यायची नाही, वॅक्स करायचं नाही, सुई टोचायची नाही, आणि गिऱ्हाइकाला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवायचं. नियम उत्तमच आहे. पण त्यामुळे अख्ख्या खानदानात निदान करायचा हक्क नसलेली व्यक्ती एकच उरली, ती म्हणजे जिला यातलं थोडंफार कळत होतं ती.

तिची आत्या दिवाळीला आली तेव्हा हे उघड झालं. आत्याने चहाचा कप खाली ठेवला आणि बाही वर सारली.

‘बघ गं, हे काय आहे?’

‘आत्या, कातडी लालसर आहे, गोल आहे, कडा उठलेली आहे, मध्ये जरा साफ दिसतंय. स्किनच्या डॉक्टरांना दाखव.’

‘ते दाखवीन मी. पण आहे काय?’

‘ते सांगायचा मला अधिकार नाही.’

‘एवढी वह्या-पुस्तकं घेतलीस आणि हेच शिकलीस?’

‘अगं, नायटा आहे तो,’ आजी आतल्या पलंगावरून म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, आणि मध्ये एक भिंत होती.

आजींचं निदान बरोबर निघालं, पण तिथून पुढे सगळं बिघडलं. आत्याने डॉक्टरांऐवजी औषधाच्या दुकानदाराला हात दाखवला. त्याने काउंटरवरूनच एक ट्यूब दिली. ही ट्यूब तुमच्याही घरी आहे. फ्रिजच्या दारात, लिंबाच्या रसाच्या बाटलीमागे बघा. तिच्यात बुरशीवरचं औषध असतं, जंतूंवरचं असतं, आणि वर क्लोबेटासोल किंवा तसलंच एखादं जबरदस्त स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने खाज लगेच थांबते, लाली उतरते, आणि माणूस म्हणतो, काय गुण आहे! पण नायटा म्हणजे बुरशी. तिच्याशी भांडणारी शरीराची जी फौज असते तिलाच स्टेरॉइड झोपवतं. मग बुरशी आत निवांत पसरते. ट्यूब थांबवली की दुप्पट जागेवर वर येते, आणि आता तिची ती ओळखू येणारी गोल कडाही पुसलेली असते, त्यामुळे डॉक्टरांनाही पटकन कळत नाही. दरम्यान ट्यूब घरात फिरते. टॉवेलही फिरतो. थोड्याच दिवसांत नायटाही घरभर फिरतो. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना गेली काही वर्षं या हट्टी नायट्याने जेरीस आणलंय ते उगाच नाही.

2018 मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तसं ट्यूबवर छापलेलंही असतं. फक्त ते अक्षर वाचायला आधी डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

याच स्टेरॉइडची दुसरी कामगिरी गोरेपणाच्या नावाखाली चालते. वांगावर डॉक्टर मोजके दिवस देतात ते मिश्रण बायका एकमेकींना सांगत वर्षानुवर्षं रोजचं क्रीम म्हणून फासतात. सुरुवातीला चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लालबुंद शिरा दिसू लागतात, मुरमं येतात, गालावर लव वाढते, आणि क्रीम थांबवलं तर चेहरा पेटतो, म्हणून थांबवतही येत नाही. आपल्या डॉक्टरांनी या चेहऱ्याला रीतसर वेगळं नाव दिलंय, इतके ते चेहरे येतात.

म्हणून भाचीला प्रॅक्टिकलमध्ये गिऱ्हाइकाला आधी विचारायला शिकवलंय: ‘चेहऱ्याला काय लावता?’ याचं उत्तर महाराष्ट्रभर एकच: ‘काहीच नाही.’ जरा वेळ गेला, मानेला मसाज सुरू झाला, डोळे मिटले, की हळूहळू कबुलीजबाब सुरू होतो. बेसन आणि दही. कधीतरी हळद. लिंबू, पण अर्धंच. (लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजून काळे डाग पडू शकतात; अर्ध्या लिंबानेही.) मुरमावर टूथपेस्ट. आणि हो, ती एक ट्यूब, पण ते काही लावणं नव्हे, ते औषध आहे.

मुरमांबद्दलही आपले समज पक्के आहेत. ब्लॅकहेडचं काळं टोक म्हणजे मळ, असं समजून पिढ्यानपिढ्या नाकं घासली गेली. प्रत्यक्षात छिद्रात साचलेलं तेल, मेलेल्या पेशी आणि रंगद्रव्य हवेशी गाठ पडून काळं होतं. घासून जाणार ते नाकाचं कातडं. त्याच हिशेबात मानेचाही मळ बसतो. वयात आलेल्या जाडसर पोराची मान मागून काळी, मखमली दिसू लागली की आई त्याला न्हाणीघरात कोंडून वज्रीने घासते. ‘अंघोळ करतोस की नुसतं पाणी ओततोस?’ पोरगं बिचारं रोज साबण संपवतं. हा डाग बहुधा मळाचा नसतोच, इन्शुलिन आतमध्ये नीट काम करत नसल्याची ती बाहेर आलेली खूण असते. वज्री ठेवून द्यावी आणि पोराची साखर तपासावी, वजन बघावं.

टिकलीचं प्रकरण खास आपलं. कुंकवाच्या जागी चिकटवायची टिकली आली, सोय झाली. पण काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा-टर्शियरी-ब्युटाइलफेनॉल नावाचं रसायन असतं, आणि ते रंग बनवणाऱ्या पेशींना मारतं. वर्षानुवर्षं एकाच जागी टिकली लावणाऱ्या काहींच्या कपाळावर तिच्याच मापाचा पांढरा डाग पडतो. तो दिसू नये म्हणून त्या आणखी मोठी टिकली लावतात, आणि मग डागही मोठा व्हायची सोय होते. परकराची नाडी त्याहून जुनी. कमरेला रोज एकाच रेषेवर करकचून बांधल्याने कातडी आधी काळी पडते, सोलवटते, आणि क्वचित त्याच न भरणाऱ्या जखमेत कर्करोग होतो. 2024 साली वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी असे दोन रुग्ण ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये नोंदवले. नाडी सैल बांधा एवढं सांगायला खरं तर आंतरराष्ट्रीय नियतकालिक लागू नये. पण आपल्याकडे सैल नेसलेल्या साडीची जितकी चर्चा होते तितकी जखमेची होत नाही.

आता खरूज. हा रोग कुणाच्याच घरी नसतो. असतो तो ‘पाण्याचा फरक’. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान किडा, त्याची मादी कातडीत बोगदा काढते, अंडी घालते, आणि रात्री पांघरुणात शिरलं की जी खाज सुटते तिला तोड नाही. बोटांच्या बेचक्या, मनगट, कंबर ही आवडीची ठिकाणं. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं असतं, खाज असो वा नसो, आणि घोडं तिथेच पेंड खातं. कारण घरातल्या कर्त्या पुरुषाला खाज येत नाही. तो फक्त रात्रभर ‘डास फार झालेत’ म्हणत असतो.

या किड्याने पॅरिसच्या पंडितांनाही नाचवलं. 1812 मध्ये गालेस नावाच्या एका विद्वानाने तो शोधल्याचं जाहीर केलं, चित्रंही छापली, बक्षीसही घेतलं. पुढे उघड झालं की त्याच्या चित्रातला किडा खरजेचा नव्हताच, चीजवर होतो तो होता. मग इतका गोंधळ माजला की मोठमोठे प्राध्यापक म्हणू लागले, खरजेला किडाबिडा काही नसतो, हा रक्ताचाच दोष. (आमच्या मावशीआजी त्या वेळी पॅरिसमध्ये असत्या तर प्राध्यापकच झाल्या असत्या.) 1834 मध्ये सेंट-लुई रुग्णालयात सिमोन रेनुची नावाचा कॉर्सिकाचा विद्यार्थी उभा राहिला आणि त्याने सगळ्यांच्या देखत सुईच्या टोकावर तो किडा काढून दाखवला. ही विद्या त्याला कुठल्या ग्रंथात मिळाली नव्हती. त्याच्या बेटावरच्या गरीब बायका सुईने असे किडे काढताना त्याने पाहिल्या होत्या. किडा नेमका कुठे असतो हे त्यांना पक्कं माहीत होतं: पुळीत नव्हे, तिच्यापासून निघालेल्या रेघेच्या टोकाला. पॅरिसचे पंडित पुळ्याच फोडत बसले होते.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण जवळून बघणारी बाई कुठलीही असो, तिला दिसतं. विचार करा, आपली पाठ शेवटची कुणी नीट पाहिली? डॉक्टर स्टेथोस्कोप कपड्यावरून लावतात. नवऱ्याचं लक्ष क्रिकेटकडे. पोटऱ्या, पाठ, मान, तळपाय, डोक्याची कातडी हे सगळं भरउजेडात बघते ती पार्लरवाली. एखाद्या फिकट चट्ट्यावर गरम वॅक्स लावलं आणि बाई हूं की चूं करत नाही, हे तिलाच कळू शकतं. सरकारने गावोगावच्या भिंतींवर ‘फिकट, लालसर, बधिर चट्टा’ असं रंगवून ठेवलंय ते याचसाठी. कुष्ठरोग असेल तर औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेवर घेतलं तर पूर्ण बरा होतो. आणि हा बधिर चट्टा वेगळा, कोडाचा पांढरा डाग वेगळा. कोड शिवल्याने होत नाही, दूध-मासे एकत्र खाल्ल्यानेही होत नाही. त्यात नुसता रंग जातो, बाकी माणूस ठणठणीत असतो. हे आपल्या वधूवर मंडळांच्या अजून कानावर गेलेलं दिसत नाही.

तीळ हा तर आपल्या ज्योतिषाचा प्रांत. ओठावर तीळ म्हणजे बोलघेवडा, तळपायावर तीळ म्हणजे परदेशगमन. आमच्याकडे एका मामांनी तळपायाच्या तिळाच्या भरवशावर पासपोर्ट काढून ठेवलाय. भाचीच्या पुस्तकात मात्र तिळाकडे बघायची वेगळी रीत आहे: दोन अर्धे सारखे आहेत का, कडा वेडीवाकडी आहे का, एकाहून जास्त रंग आहेत का, सहा मिलिमीटरपेक्षा मोठा आहे का, आणि मुख्य म्हणजे बदलतोय का. सावळ्या माणसांत मेलॅनोमा हा कर्करोग कमी होतो, पण होतो तेव्हा बहुतेकदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली, म्हणजे जिथे कुणी बघत नाही तिथे. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्यावरचा डाग फुटबॉलची इजा म्हणून सोडून दिला होता. 1977 मध्ये निदान झालं, 1981 मध्ये तो गेला, छत्तिसाव्या वर्षी. मामांना हे सांगितल्यापासून ते तीळ दाखवायला तयार आहेत, पण व्हिसा झाल्यावर.

नागिणीबद्दलही एकदा सांगून टाकते. तिचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती जुळलं की माणूस जातो, असं म्हणतात. ही लहानपणच्या कांजिण्यांचीच करणी. तो विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून राहतो आणि म्हातारपणी एका तंतूच्या वाटेने बाहेर येतो. तंतू अंगाच्या एकाच बाजूला असतो, त्यामुळे नागीण सहसा मधली रेषा ओलांडत नाही. पण तोंड जुळायची वाट बघत आणि गेरू फासत बसू नका. औषध पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केलं तर उत्तम.

भाचीचं वर्ष आता संपत आलंय. परवा एक होणारी नवरी लग्नाच्या आदल्या दिवशी चेहऱ्याचं वॅक्सिंग करायला आली. भाचीने गोळ्या काय चालू आहेत ते विचारलं. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू होतं. त्या गोळीने कातडी इतकी नाजूक होते की वॅक्सबरोबर सालही निघू शकतं. भाचीने साफ नकार दिला. नवरीची आई भडकली, ‘पैसे देतोय ना?’ म्हणाली, आणि दुसऱ्या पार्लरला जाते म्हणून निघाली. भाचीने नवरीच्या पर्समध्ये गोळ्यांचं पाकीट परत ठेवता ठेवता त्यावरची सूचना वाचून दाखवली. नवरी थ्रेडिंगही न करता लग्नाला उभी राहिली. फोटो चांगले आलेत.

तेव्हा तुमच्या अंगावर काही नवं, वाढणारं, बधिर, न भरणारं किंवा घरभर पसरणारं दिसत असेल तर शेजारणीला विचारू नका, आमच्या आजींना तर नकोच. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढा. जाताना चेहऱ्याला पावडर फासू नका, टिकली काढा, नेलपॉलिश पुसा, जागेवर हळद थापू नका. डॉक्टरांना कातडी बघायची असते. आणि फ्रिजच्या दारातली ती ट्यूब आठवणीने बरोबर न्या. दाखवायला. वाटेत लावायला नव्हे.